कृत्रिम पाऊल आणि सहज चाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुंबई, ठाणे, नवी मुंबईतून कृत्रिम पाय वापरणाऱ्यांकडून, त्यांच्या घरच्यांकडून आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांकडून सतत येतात. सुरुवात सोप्या प्रश्नांनी केली आहे, अडचणीचे आणि अपवादाचे शेवटी आहेत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला असेल तर तो मुद्दा तिथे सविस्तर आहे.

१. "जयपूर फूट बसवलाय" म्हणतात तो पूर्ण पाय की फक्त खालचं पाऊल?

नेमकं बोलायचं तर फक्त पाऊल. गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाचे तीन भाग असतात: स्टंप (म्हणजे कापल्यावर उरलेला पाय) ज्यात बसतो तो सॉकेट, मधला पाइप आणि खाली पाऊल. पाय गुडघ्याच्या वरून काढलेला असेल तर मध्ये कृत्रिम गुडघाही येतो. आपल्याकडे अख्ख्या पायालाच जयपूर फूट म्हणतात, आणि तक्रार सांगताना त्यातून घोळ होतो. "जयपूर फूट टोचतो" असं म्हणणाऱ्या बहुतेकांना टोचत असतो तो सॉकेट. मात्र पाऊल चुकीच्या जागी बसवलं असेल तरीही सॉकेटमध्ये टोचतं (प्रश्न ९). म्हणून कुठे टोचतं ते बोट ठेवून दाखवा आणि कधी टोचतं तेही सांगा: टाच टेकताना, मधे, की पाऊल उचलताना.

२. चालताना पाऊल नेमकं काय काम करतं? ते फक्त आधारासाठीच असतं ना?

आधार हे अर्धंच काम झालं. एक पाय जमिनीवर टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतच्या वेळात साधारण ६० टक्के वेळ तो जमिनीवर असतो, ४० टक्के हवेत. जमिनीवर असतो तेवढ्या वेळात नडगी मागे कललेल्या स्थितीतून सरळ होऊन पुढे कलते. हा प्रवास कुठेही न अडखळता, धक्का न बसता होणं म्हणजेच सहज चाल.

खऱ्या पायात हे तीन टप्प्यांत होतं. आधी टाचेवरून पाऊल खाली येतं, मग तळवा टेकलेला असताना घोट्यावरून नडगी पुढे जाते, शेवटी चवड्यावरून टाच उचलली जाते. पोटरीचे स्नायू मधल्या टप्प्यात लगाम धरतात आणि शेवटी जोरात ढकलतात. कृत्रिम पावलात स्नायू नाहीत. ते सगळं काम दबणाऱ्या टाचेला आणि वाकणाऱ्या चवड्याला करावं लागतं.

खरं पाऊल आणि घोटा मिळून नडगीखाली जणू चाकाचा एक तुकडा जोडल्यासारखे वागतात. त्या चाकाची त्रिज्या पायाच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के असते. पाय ८५ सेंटिमीटर लांब असेल तर त्रिज्या साधारण २५ सेंटिमीटर. कृत्रिम पावलाचा हा बाक पुढे लवकर संपला तर खड्ड्यात पाय पडल्यासारखं वाटतं. तो फार ताठ आणि लांब असला तर सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखं वाटतं.

म्हणून पाऊल पारखताना पावलाकडे पाहू नका, नडगीकडे पाहा. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरून बाजूने सात-आठ पावलांचा व्हिडिओ काढा, वेग कमी करून बघा. नडगी कुठे थांबते, कुठे उडी मारते, ते लगेच दिसतं.

३. सॅच फूट, जयपूर फूट आणि कार्बन फूट यांत फरक काय?

सॅच फूट १९५० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला विकसित झालं. आत लाकडाचा किंवा प्लास्टिकचा ताठ कणा, टाचेत मऊ फोमची पाचर, वर रबरी आवरण. घोटा हलत नाही. टाच दबते म्हणून तो हलल्याचा भास होतो. साधं, स्वस्त, दुरुस्तीचं काम फारसं निघत नाही. पाचर मऊ, मध्यम आणि कडक अशी मिळते, आणि बऱ्याच तक्रारी तिच्या चुकीच्या निवडीमुळे असतात. घरातल्या घरात आणि सपाट रस्त्यावर चालणाऱ्या वयस्कर माणसाला हे पाऊल पुरतं.

जयपूर फूट १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात घडलं. कारागीर रामचंद्र शर्मा यांचा हात आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांची शल्यचिकित्सकाची नजर यांतून ते उभं राहिलं. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते देशभर पोचवलं. आत चवड्याला आणि टाचेला स्पंजासारखे रबराचे ठोकळे, घोट्याला लाकडाचा ठोकळा, त्यावर टायरची दोरी आणि रबराचे थर. हे सगळं साच्यात घालून भट्टीत व्हल्कनाइज करतात, म्हणजे उष्णतेने रबर पक्कं करतात. सॅचसारखा ताठ कणा नसल्याने ते सगळ्या दिशांना वाकतं. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलाचं भय नाही. दोन उणिवा मात्र आहेत: ते जड असतं, आणि हाताने बनत असल्यामुळे एका पावलाचा ताठपणा दुसऱ्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही.

कार्बन फूटमध्ये कार्बन फायबरच्या पात्या स्प्रिंगसारख्या वाकतात आणि चवडा उचलताना काही जोर परत देतात. १९८० च्या दशकात व्हॅन फिलिप्स यांच्या फ्लेक्स-फूटपासून हा प्रकार रुळला. हलकं आणि चपळ असतं. पण पाती फक्त तुम्ही घातलेलाच जोर परत देते, स्वतःचा घालत नाही. नवा जोर फक्त मोटर आणि बॅटरी असलेल्या घोट्यातून मिळतो.

४. कार्बन फूट घेतलं तर चाल आपोआप सुधारेल का? घरचे कर्ज काढायला तयार आहेत.

कर्ज काढण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या. सॉकेट नीट बसतो का? अलाइनमेंट, म्हणजे सॉकेटच्या खाली पाऊल कुठे आणि किती कोनात आहे, ते बरोबर आहे का? आणि तुम्ही वेग बदलत चालता का: कधी घाईने, कधी रमतगमत, कधी चढावर? सगळीकडे एकाच मंद वेगाने चालणाऱ्याच्या पायाखाली कार्बनची पाती वाकतच नाही, आणि न वाकणारी पाती म्हणजे महागडी फळी.

ढिल्या सॉकेटखाली उत्तम पाऊल लावून उपयोग होत नाही. पाऊल जो जोर परत देतं तो सॉकेटमधल्या फटीतच जिरतो. पैसे मोजकेच असतील तर आधी सॉकेट आणि लायनरवर (स्टंपवर चढवायच्या मऊ अस्तरावर) खर्च करा, पाऊल नंतर बदलता येतं. विकत घेण्याआधी तेच पाऊल, त्याच मापाचं आणि त्याच कॅटेगरीचं (प्रश्न ५), निदान काही दिवस वापरून बघायला मागा. क्लिनिकच्या गुळगुळीत फरशीवर दहा मिनिटं चालून काही कळत नाही.

५. कॅटेगरी म्हणजे काय? माझं वजन ७० किलो आहे, पण मी रोज मार्केटमध्ये गोण्या उचलतो.

कॅटेगरी म्हणजे पातीचा ताठपणा. ती वजन आणि हालचालीचा जोर या दोन्हींवरून ठरते. उचलायचं ओझं वजनात धरायचंच असतं. ७० किलोचा माणूस ३० किलोची गोणी घेऊन चालत असेल तर पावलाला १०० किलोचा माणूस चालल्यासारखं आहे. हे मोजमापाच्या वेळी सांगा. कामाबद्दल कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर लोक "दुकानात असतो" एवढंच म्हणतात.

पाती मऊ पडली तर चवडा दबून शरीर पुढे पडतं, मग चांगला पाय घाईने टेकावा लागतो आणि काही महिन्यांत त्याचाच गुडघा दुखू लागतो. फार ताठ असली तर प्रश्न २ मधला तो चढ. वजन पाच-सात किलोंनी वाढलं किंवा घटलं तर कॅटेगरी पुन्हा तपासून घ्या. अडॅप्टर (पाऊल आणि पाइप जोडणारा भाग) आणि पाइपवरही वजनाची मर्यादा लिहिलेली असते. नवं पाऊल जुन्या अडॅप्टरवर चढवताना तीही वाचून घ्या.

६. चप्पल घालून ठीक चालतो, पण घरात अनवाणी चाललं की मागे पडल्यासारखं होतं. पाऊल खराब झालंय का?

पाऊल ठीक आहे. तुमचं अलाइनमेंट चप्पल घालून केलेलं आहे, एवढंच. हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त येतो. बऱ्याच आयात पावलांची रचना दिवसभर बूट घालणाऱ्यांना धरून केलेली असते आणि आपल्याकडे चप्पल उंबरठ्याबाहेर राहते, म्हणून तो येणारच.

हिशोब साधा आहे. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर साधारण १५-१६ सेंटिमीटर. चपलेची टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर उंच असेल आणि ती काढली, तर पाऊल सुमारे पावणेचार अंशांनी मागे कलतं. घोटा हलत नसल्यामुळे पूर्ण नडगीच तेवढी मागे जाते. गुडघा जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर धरला तर तो जवळजवळ ३ सेंटिमीटर मागे ढकलला जातो. उलट, उंच टाचेचा बूट घातला की गुडघा पुढे ढकलला जातो आणि वाकू पाहतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण त्यात माणूस पडतो.

मोजायची पद्धत: चप्पल टेबलावर ठेवा. टाच टेकते तिथली तळव्याची जाडी मोजा, चवडा टेकतो तिथली मोजा, आणि वजाबाकी करा. टाचेला २८ आणि चवड्याला १६ मिलिमीटर असेल तर खरी उंची १२. बाहेरून जाड दिसणारी सँडल पुष्कळदा सगळीकडे सारखीच जाड असते, तिची खरी उंची शून्य निघते. उलट सपाट वाटणारे स्पोर्ट्स शूज १० किंवा त्याहून जास्त निघतात. दुकानात खिशात एक छोटी पट्टी घेऊन जा.

उपाय तीन. पहिला आणि आमच्या मते बहुतेकांना योग्य: अलाइनमेंट अनवाणी करून घ्या आणि बाहेरसाठी खरी उंची शून्याच्या जवळ असलेलीच चप्पल निवडा. पायाचा बराचसा वेळ घरातच जात असेल तर हाच. दुसरा: अलाइनमेंट बुटावर ठेवा आणि घरात वापरायला तेवढ्याच उंचीच्या वेगळ्या सपाता ठेवा. तिसरा: टाचेची उंची बटणाने बदलता येणारं पाऊल. ते सोयीचं आहे, पण जड आणि महाग असतं, आणि बटण दाबायचं विसरलं की पुन्हा तीच गत.

अंगठ्याची चप्पल घालायची असेल तर अंगठा वेगळा असलेलं पाऊल किंवा पावलावरचं रबरी कवच मागा. मागे पट्टा नसलेली चप्पल कृत्रिम पावलातून निसटते, कारण बोटांनी ती पकडता येत नाही. चांभाराकडून मागे पट्टा लावून घ्या, पण टाचेखाली जादा तुकडा लावू देऊ नका.

७. मांडी घालून, उकिडवं बसता येईल का? घरात भारतीय पद्धतीचं शौचालय आहे.

गुडघ्याखालचा पाय असेल तर बहुतेकांना जमतं. उकिडवं बसताना घोटा चालण्यापेक्षा कितीतरी जास्त वाकावा लागतो. चालताना नडगी पुढे १० अंशांच्या आसपास झुकते, उकिडवं बसताना त्याच्या तिप्पट-चौपट. सॅच आणि बहुतेक कार्बन पावलं तेवढी वाकत नाहीत, टाच उचलली जाते आणि तोल चवड्यावर येतो. जयपूर फूट इथे खरंच सरस आहे. दुसरी अट सॉकेटची: गुडघ्यामागची कड उंच असेल तर गुडघा पूर्ण वाकत नाही आणि कड मांडीत रुतते. "मला उकिडवं बसायचं आहे" हे माप घेण्याच्या दिवशीच सांगा, सॉकेट तयार झाल्यावर ही कड फारशी कापता येत नाही.

मांडी घालताना गुडघा वाकतो तेव्हा पाऊल बाजूला वळावं लागतं. गुडघ्यावरच्या पायाला त्यासाठी गुडघ्याच्या वर एक फिरकी अडॅप्टर लावतात. त्याचं बटण दाबलं की खालचा पाय फिरवता येतो. शौचालयात आधाराला हाताच्या उंचीवर भिंतीत एक दांडी बसवून घ्या. नळाला धरून उठू नका, तो निखळतो.

८. मुंबईत हे काम कुठे होतं? मदत मिळते का?

हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. महालक्ष्मी स्टेशन जवळ पडतं. खासगी क्लिनिकमध्ये जाणार असाल तर प्रोस्थेटिस्टची (कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाची) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. विचारण्यात संकोच नको. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मदत मिळते. त्याच कारणासाठी पुन्हा मदत तीन वर्षांनी, १२ वर्षांखालील मुलांना एका वर्षाने. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आधी काढून ठेवा, पुढची बहुतेक कामं त्यावर अडतात.

९. चालताना काहीतरी बिघडलंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. कसं ओळखायचं?

आधी तपासायचा क्रम लक्षात ठेवा: स्टंपवरचे मोजे, चप्पल, स्क्रू, अलाइनमेंट, आणि सगळ्यांत शेवटी पाऊल. बिघाड बहुतेकदा पहिल्या तिनांत सापडतो (प्रश्न १०, ६, ११).

टाच टेकताक्षणी गुडघा पुढे फेकला जातो, किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला गर्रकन फिरतं: टाच फार कडक, किंवा चपलेची टाच उंच.

टाच टेकल्यावर खाली रुतल्यासारखी वाटते, गुडघा ताठ राहतो, पुढे जायला वेळ लागतो: टाच फार मऊ.

चढ चढल्यासारखं वाटतं, पाऊल उचलताना गुडघा मागे दाबला जातो: पाऊल फार पुढे बसवलंय किंवा त्याची बोटं खाली झुकली आहेत. पण त्याआधी आज नवी चप्पल घातली आहे का ते बघा. अनवाणी चालतानाही नेमकं हेच होतं.

शेवटच्या क्षणी खड्ड्यात पडल्यासारखं होऊन चांगला पाय धप्पकन टेकतो: पाऊल फार मागे, बोटं वर झुकलेली, किंवा पाती मऊ.

समोरून बघताना गुडघा बाहेरच्या बाजूला ढकलला जातो, सॉकेटमध्ये वर आतल्या बाजूला आणि खाली बाहेरच्या बाजूला दुखतं: पाऊल फार आत आहे. उलट लक्षणं असतील तर फार बाहेर. हे काही मिलिमीटरचं काम आहे, नवा पाय लागत नाही.

चांगल्या पायाच्या चवड्यावर उंच होऊन पाऊल पुढे टाकावं लागतं: कृत्रिम पाय लांब झालाय किंवा सॉकेटमध्ये स्टंप पूर्ण आत जात नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि कुणाला तरी कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवून उंची बघायला सांगा. कमी असलेल्या बाजूखाली ५ मिलिमीटर जाडीचे पुठ्ठे एकेक करून सरकवा. कितीवर पातळी सारखी होते तो आकडा लिहून न्या.

१०. सकाळी मस्त चालतो, दुपारनंतर तोच पाय वेगळाच वाटतो. पाऊल गरम होऊन मऊ पडतं का?

नाही. दिवसभरात स्टंप आकसतो, सॉकेटमध्ये खाली सरकतो आणि पाय आपोआप आखूड होतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, स्टंपच्या टोकाला दाब येतो, पाऊल सैल वाटतं. उपाय म्हणजे मोजा. एक, तीन आणि पाच प्लायचे (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप) मोजे जवळ ठेवा, दुपारी एक चढवा. लोकलच्या दिव्यांग डब्यात बसल्या बसल्या हे करता येतं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात स्टंप जास्तच आकसतो. मोजे दहा-पंधरा प्लायच्या वर गेले की नव्या सॉकेटची वेळ झाली.

११. पावलाच्या वरचे स्क्रू सैल झाल्यासारखे वाटतात. मी स्वतः घट्ट करू का?

घट्ट आहेत की नाही हे तपासा, अलाइनमेंट मात्र बदलू नका. अडॅप्टरमध्ये उतरत्या चौकोनी पिरॅमिडवर चार बाजूंनी चार स्क्रू दाबलेले असतात. बहुतेकांना ४ मिलिमीटरची ॲलन की लागते. समोरासमोरचे दोन स्क्रू एक ढिला, एक घट्ट केला की पाऊल त्या दिशेला कलतं. म्हणून नुसतं घट्ट करायला जाऊन लोक चाल बिघडवून बसतात.

सोपी युक्ती: क्लिनिकमधून निघायच्या आधी प्रत्येक स्क्रूवरून अडॅप्टरवर जाणारी एक रेघ पक्क्या मार्करने ओढून घ्या. महिन्याला एकदा बघा. रेघ तुटली म्हणजे स्क्रू फिरला. सगळे स्क्रू किती ताकदीने आवळायचे ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं, पुष्कळ पद्धतींत १५ न्यूटन मीटर. त्यासाठी टॉर्क पाना आणि स्क्रू धरून ठेवणारं द्रव लागतं. वाटेतच सैल झाला तर हाताच्या जोराने थोडा थोडा आळीपाळीने आवळा, काठी घ्या आणि त्याच दिवशी क्लिनिक गाठा.

पाऊल काही कारणाने काढायचंच असेल तर शेजारशेजारचे दोनच स्क्रू सोडवा. उरलेले दोन तसेच राहिले की परत लावताना आधीचा कोन जसाच्या तसा मिळतो.

१२. रेल्वेचा पूल, जिने आणि उतार यांवर काय करायचं?

चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. उतरताना कृत्रिम पाऊल पायरीवर पूर्ण टेकवू नका. अर्धा चवडा कडेच्या बाहेर येऊ द्या, म्हणजे न हलणाऱ्या घोट्याऐवजी पायरीच्या कडेवरून नडगी पुढे जाते. उतारावर गुडघा फेकला जातो कारण तिथे टाच आणखी कडक असल्यासारखी वागते. पावलं लहान टाका, उतार तीव्र असेल तर थोडं तिरपं उतरा. रोजच्या वाटेवर लांब उतार असेल तर टाचेची पाचर एक पायरी मऊ करून बघायला सांगा. मच्छीबाजारासारख्या ओल्या फरशीवर गुळगुळीत रबरी पाऊल घसरतं. तिथे रेषांचा तळ असलेली चप्पल हवीच.

१३. पावसाळ्यात पाणी साचलं की काय? चौपाटीवर गेलो तर?

हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी गुडघाभर पाण्यात शिरायचं टाळा. पाऊल भिजेल म्हणून नव्हे, खालचा खड्डा कृत्रिम पावलाला जाणवत नाही म्हणून. जावंच लागलं तर काठीने आधी जागा चाचपा.

घरी आल्यावर कार्बन पावलाचं रबरी कवच काढा. ते काढायला मोठा बूट-हॉर्न वापरा. स्क्रूड्रायव्हर घातला तर पातीवर ओरखडा पडतो आणि चीर तिथूनच सुरू होते. आतलं पाणी ओता, गोड्या पाण्याने धुवा, पंख्याखाली वाळवा. शेगडी, हेअर ड्रायर नको. पातीवरचा कापडी मोजाही धुवा. त्यात अडकलेली वाळू पातीला घासते. समुद्राचं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी धुणं सोडू नका, कारण ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना टेकतात तिथे मिठामुळे गंज धरतो आणि स्क्रू नंतर निघत नाहीत. लाकडी कण्याच्या सॅच फुटात पाणी मुरलं की लाकूड फुगतं, बोल्ट सैल होतो. पावसात रोज बाहेर पडणाऱ्याने लाकडी कणा घेऊ नये.

१४. पाऊल किरकिर करतं. घाबरायचं का?

किरकिर असेल तर बहुतेकदा पाती कवचाला घासते. कापडी मोजा फाटला असेल, तो बदला. प्रत्येक पावलाला एकच स्पष्ट "टक्" येत असेल तर बोल्ट सैल आहे किंवा पातीचे थर सुटू लागले आहेत. कवच काढून पातीच्या कडेवर नख फिरवा. नख अडकलं किंवा पांढरी रेघ दिसली तर त्या पावलावर चालू नका.

१५. पाऊल किती वर्षं टिकतं?

वर्षांपेक्षा पावलं मोजा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०३२८ आणि पावलासाठीचं आयएसओ २२६७५ यांत पाऊल २० लाख वेळा दाबून बघतात. रोज एकूण ५,००० पावलं चालणाऱ्याचा कृत्रिम पाय त्यातली २,५०० टाकतो, म्हणजे वर्षाला ९ लाखांच्या वर. २० लाख म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आत-बाहेर. याचा अर्थ सव्वादोन वर्षांनी ते मोडेल असा नाही, पण तिथून पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. चवडा उचललेला राहणं, टाच दाबल्यावर परत न फुगणं, रबराला तळाशी भेगा पडणं ही बदलायची चिन्हं आहेत.

१६. गुडघ्याच्या वरचा पाय असेल तर पाऊल निवडताना काय वेगळं बघायचं?

टाच. कृत्रिम गुडघा स्नायूंनी धरता येत नाही, त्यामुळे कडक टाचेने तो वाकला तर माणूस सरळ खाली. म्हणून टाच मऊ घेतात, तळवा लवकर सपाट टेकतो आणि गुडघा सरळ राहतो. त्याच्या बदल्यात चाल थोडी मंद होते, हे स्वीकारावं लागतं. दोन्ही पाय कृत्रिम असतील तर दोन्ही पावलं एकाच प्रकारची, एकाच ताठपणाची घ्या, आणि सुरुवातीला उंची मूळच्या उंचीपेक्षा थोडी कमी ठेवा. तोल सांभाळणं सोपं जातं आणि पडलं तरी मार कमी बसतो.

१७. माझा पाय घोट्यातूनच काढलाय. मला कार्बन मिळत नाही म्हणतात, का?

जागा नाही म्हणून. स्टंपच्या टोकापासून जमिनीपर्यंत फक्त काही सेंटिमीटर असतात आणि उंच पातीला त्याच्या कितीतरी पट लागतात. अशांसाठी सपाट, बुटक्या पात्यांची पावलं असतात, ती थेट सॉकेटच्या तळाला जोडतात. चांगल्या पायाखाली ५-१० मिलिमीटरचा सोल देऊनही जागा करता येते. मधुमेहात फक्त बोटं किंवा चवडा काढला असेल तर पूर्ण कृत्रिम पाऊल लागत नाही: बुटात कार्बनची ताठ पट्टी, रिकाम्या जागी मऊ भराव आणि पुढे गोलाई दिलेला सोल. आणि दुसऱ्या पायाचा तळवा रोज रात्री आरशात बघा. आता जादा भार त्याच्यावर आलाय.

१८. आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. थ्री-डी प्रिंटरवर स्वस्त पाऊल बनवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

जोरापासून. ७० किलोच्या माणसाचं वजन सुमारे ६९० न्यूटन. चालताना जमिनीचा जोर त्याच्या ११०-१२० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे ८०० च्या आसपास. टाच उचलताना हा जोर घोट्याच्या सुमारे १३ सेंटिमीटर पुढे असतो. म्हणजे पावलाच्या मुळाशी साधारण १०० न्यूटन मीटरचा वाकवणारा जोर, प्रत्येक पावलाला. तुमचा पहिला नमुना बहुतेक तिथेच, घोट्याच्या पुढच्या काटकोनी कोपऱ्यात मोडेल. तिथे मोठी गोलाई द्या.

मग ध्येय ठरवा. "खऱ्या पायासारखं दिसणारं" हे ध्येय डिझाइनला दिशा देत नाही. एमआयटीत एमोस विंटर यांच्या गटाने जयपूरच्या समितीबरोबर काम करताना वेगळा निकष घेतला: निरोगी माणसाच्या चालीतले जोर या पावलावर लावले तर नडगी निरोगी माणसाच्या नडगीच्या वाटेनेच जाते का? जितका फरक कमी तितकं डिझाइन चांगलं. हा निकष वापरा. मग एका सुट्या नायलॉनच्या तुकड्यातही जाडी आणि आकार वजनानुसार गणिताने काढता येतात.

साहित्याबाबत दोन सापळे. पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतं आणि सततच्या भाराखाली हळूहळू वाकलेलंच राहतं. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला नमुना संध्याकाळी वेगळ्या आकाराचा मिळेल. नायलॉन ६/६ चिवट आहे, पण हवेतला ओलावा शोषून मऊ पडतं. जानेवारीत मोजलेला ताठपणा जुलैत मुंबईत मिळणार नाही, म्हणून चाचणी ओल्या नमुन्यावरच करा. प्रिंट करताना थर पावलाच्या लांबीच्या दिशेने ठेवा. आडवे ठेवले तर ते पानासारखे सुटतात.

चाचणी यंत्रावर टाच आणि चवडा आळीपाळीने दाबा. सेकंदाला एक या वेगाने २० लाख आवर्तनांना २३ दिवस लागतात. शेवटच्या सेमिस्टरच्या वेळापत्रकात ते आधीच धरा. त्याआधी कुणाच्याही पायाला नमुना लावू नका. लावायचा तेव्हा नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी, नोंदणीकृत प्रोस्थेटिस्ट हजर आणि दोन्ही बाजूंना पॅरलल बार, इतकं हवंच.

१९. पळायचं ब्लेड रोज वापरलं तर?

त्याला टाच नसते. त्यावर उभं राहता येत नाही, सतत हलत राहावं लागतं, आणि ब्लेडच्या बाजूचा पाय मुद्दाम थोडा उंच ठेवलेला असतो कारण धावताना ते दबतं. स्टेशनवर गाडीची वाट बघायला रोजचंच पाऊल बरं. धावायचं असेल तर ब्लेडसाठी वेगळा सॉकेट करून घ्या.